मार्चमधला निरोप

२४ ऑगस्ट २०२५, रविवार

आज त्रेचाळीस दिवस. अस्थींचा तांब्या अजून मागच्या जांभळीलाच टांगलेला आहे. वरचं फडकं पावसाने कुजलं होतं, दुसरं बांधलं. सुतळीला गाठ मारताना तांब्या हलला आणि आत काहीतरी सरकल्याचा आवाज झाला. घरात येऊन नुसती बसून राहिले.

आबा त्यांच्या घरातून काठी टेकत आले. म्हणाले, "मंगल, किती दिस लटकवून ठेवणार जावयाला? इंद्रायणीत सोड, न्हाईतर खड्डा घेऊन वर झाड लाव. आपल्यात एवढं कोण करतं?"

आपल्यात करत नाहीत हे खरं. छप्पन्न साली आजोबांनी ते सगळं सोडलं. पण हे आपल्यातले नव्हते. ह्यांनी सव्वीस वर्षं तुंगार्लीत दुसऱ्यांचे बंगले राखले, मराठी बोलले, औंढ्याचे जावई झाले, तरी ह्यांची नदी तिकडचीच राहिली. नेपाळातली काली गंडकी. झोपेत एकदा ते नाव घेतलं होतं.

२७ ऑगस्ट, बुधवार

गणपतीची सुट्टी. सु., आमची लेक, तळेगावहून घरी आलीय. लॅबमधून पंधरा दिवसांची रजा काढते म्हणाली, अस्थी मीच नेते. तिने दाजूंना फोन लावला, स्पीकरवर. दाजू, ह्यांचे थोरले भाऊ. ऐंशीच्या दशकात दिल्लीला नोकरीला होते, म्हणून हिंदी येतं.

अस्थी घेऊन येते म्हणून सांगितलं. मग म्हणाले, घेऊन ये. घरात घ्यायच्या की नाही ते आल्यावर बघू.

सु. फोन ठेवून माझ्याकडे बघायला लागली. "असं का म्हणाले? मेलेल्या माणसाशी कसलं भांडण?"

मी म्हटलं जुनं आहे.

जुनं नाही. मार्चमधलं आहे. मलाच माहीत आहे फक्त.

३० ऑगस्ट, शनिवार

सु. जुनं भांडण विचारत होती. तिला तुकड्यातुकड्यांनी माहीत होतं. सगळं सांगितलं.

लग्नानंतरच्या वर्षी राजवाड्यात गोळीबार झाला. राजा, राणी, मुलं, सगळे गेले. युवराजानेच मारलं म्हणत होते, ह्यांनी ते कधी मानलं नाही. बाजारातल्या न्हाव्याकडे बारा वॉचमन ओळीने बसले होते, सगळ्यांनी डोकी भादरली. हे तेरा दिवस एकदाच जेवले, तेही बिनमिठाचं. शनिवारी बंगल्याचे मालक आले, विचारलं, काय रे, उकाडा फार झाला का. हे म्हणाले, आमचा राजा गेला साहेब. साहेब ओशाळले.

आबा तेव्हा रेल्वेत गँगमन होते. ते ह्यांना छेडायचे. "जावई, तुमचा राजा देव व्हता म्हणता. मग देवाला गोळी कशी लागली?" हे हसून म्हणायचे, तुम्हाला नाही कळायचं आबा, तुमच्याकडे राजा नाही. आबा म्हणायचे, "न्हाई म्हणून तर बरं चाललंय. आमच्याकडं घटना हाय." दोघं मग एकाच विडीचा धूर काढत बसायचे.

मेलेल्या राजाचा भाऊ गादीवर आला. त्याने २००५च्या फेब्रुवारीत एका सकाळी सगळा कारभार स्वतःच्या हातात घेतला आणि देशभरचे फोन बंद केले. तिसऱ्या दिवशी तिकडे गुल्मीत, ह्यांच्या घरी, सासरे वारले. इकडे काही कळलं नाही. एक गाववाला चिठ्ठी घेऊन आला तेव्हा बावीस दिवस झाले होते. तेराव्याचं सगळं उरकलं होतं. दाजूंनी एकच ओळ लिहिली होती. तुझ्या राजाने तारा तोडल्या.

ह्यांनी त्या दिवशी पुन्हा डोकं भादरलं. एकट्याने. राजाबद्दल एक शब्द बोलले नाहीत. तेच दाजूंना सहन झालं नाही. पुढच्या वर्षी लोक राजाविरुद्ध रस्त्यावर उतरले, त्यात दाजू होते. काठीने मनगट मोडलं. घरी येऊन त्यांनी सासऱ्यांनी लावलेला राजाराणीचा फोटो भिंतीवरून उतरवला आणि तसं कळवलं. फेकला, असंच हे समजले. दोन वर्षांनी राजेशाहीच मोडली. राजा वाड्यातून निघाला ते टीव्हीवर पाहून हे उठले, आणि म्हणाले, राजा परत गादीवर बसेपर्यंत मी सीमा ओलांडणार नाही.

सतरा वर्षं नाही ओलांडली.

सु. म्हणाली, "बाबा एका फोटोसाठी घरी गेले नाहीत?"

फोटोसाठी नाही. कशासाठी ते मलाही नीट सांगता येत नाही. बापाच्या मरणाला पोचलो नाही आणि त्याला कारण आपलाच राजा, हे एकदा कबूल केलं असतं तर ह्यांच्याजवळ काय उरलं असतं.

३१ ऑगस्ट, रविवार

लिहून ठेवते.

मार्चमध्ये, होळीच्या आधी, ह्यांचा फोन वाजला. हे बागेत पाणी घालत होते. मी उचलला. दाजू. एकोणीस वर्षांनी. काठमांडूत राजाच्या बाजूने मोर्चे निघत होते त्या दिवसांत. मला वाटलं त्यावरूनच सुनावणार. पण ते म्हणाले, त्याला बोलावू नकोस, माझ्याच्याने बोलवणार नाही. निरोप दे. फोटो मी फेकला नव्हता. कणगीच्या मागे कापडात आहे. नव्या लोकांनी पण काही दिलं नाही आम्हाला. राजा येईल न येईल, मला त्याचं काही नाही. पण म्हणावं या दसैंला ये आणि तुझ्या हाताने लाव तो भिंतीवर. राजा आला असं समज. शपथ सुटली तुझी.

मी म्हटलं सांगते.

सांगितलं नाही. जानेवारीत ह्यांचं बीपी फार वाढलं होतं. डॉक्टरांनी मनाला त्रास होईल असं काही नको म्हणून बजावलं होतं. म्हटलं जरा बरे होऊ देत, दसरा लांब आहे.

१२ जुलैला गेले.

३ सप्टेंबर, बुधवार

सु.ची बॅग भरली. पेटीतून ह्यांचा नागरिकतेचा कागद काढला. वर 'श्री ५ को सरकार', म्हणजे राजाचं सरकार, असं छापलेलं. तिकडे राज्य बदललं, कागद बदलले, ह्यांनी बदलून घेतला नाही. त्याच प्लास्टिकमध्ये पाचशेची नेपाळी नोट. लोकेंद्रने आणून दिली होती पूर्वी, ज्याची स्टेशनजवळ मोमोची गाडी आहे. नोटेवर राजाच्या जागी डोंगर छापलेला. पण कागद आधीचा शिल्लक राहिलेला, त्यामुळे पांढऱ्या जागेत आत राजाचा चेहरा, आणि तो झाकायला वर लाल फूल छापलेलं. हे दर दसऱ्याला ती नोट खिडकीशी धरून बघायचे. "अजून आहे," म्हणायचे. पुन्हा ठेवून द्यायचे.

नोट सु.ला दिली नाही. माझ्याजवळ ठेवली.

आज तिला सांगणार होते. ती बसून पायाची नखं कापत होती, ह्यांच्यासारखीच, वर्तमानपत्र पसरून. जमलं नाही.

५ सप्टेंबर, शुक्रवार

शाळेत शिक्षक दिन. मी तिथे ऑफिसात क्लार्क, अर्ध्या दिवसाने निघाले. पुण्याहून गोरखपूरची गाडी. तांब्या सु.ने ओढणीत बांधून मांडीवर घेतला. खिडकीतून म्हणाली, "आई, काकांना काही सांगू का तुझ्याकडून?"

मी म्हटलं जपून जा.

लोकेंद्र सांगत होता, तिकडे सरकारने काल व्हॉट्सॲप, फेसबुक सगळं बंद केलंय. म्हणाला, काही नाही ताई, चार दिवसांनी चालू करतील. तिथलं सिमकार्ड घ्यायला सांगा.

८ सप्टेंबर, सोमवार

सकाळी नऊला सु.चा एसएमएस, सीमेच्या अलीकडून. "आता पलीकडे जाते. सिम घेऊन फोन करते."

दुपारी शाळेत शिपाई म्हणाला, मॅडम, तुमच्या नेपाळात गोळीबार झाला. काठमांडूत. शाळेच्या गणवेशातली मुलं पण गेली म्हणे.

फोन नाही आला.

९ सप्टेंबर, मंगळवार

रजा टाकली. टीव्हीवर संसद जळताना दाखवतायत. पंतप्रधानाने राजीनामा दिला. सगळीकडे संचारबंदी. बुटवललाही. सु. बुटवलवरूनच जाणार होती.

तिचा नंबर बंद. दाजूंचा लागत नाही.

लोकेंद्रच्या गाडीवर गेले. गाडी लावली होती पण मोमो केले नव्हते. हातात दोन फोन. पर्यटक येऊन विचारतायत, बहादूर, मोमो नाही का आज. एरवी तो म्हणतो, बहादूर असतो तर तिकडेच राहिलो असतो. आज नुसती मान हलवली.

१० सप्टेंबर, बुधवार

तुरुंग फोडले. कैदी बाहेर आहेत. तेवीस वर्षांची मुलगी, एकटी, मांडीवर तांब्या.

मी पाठवली. मी स्वतः जायला हवं होतं. का नाही गेले? दाजूंच्या समोर उभं राहायला नको म्हणून. त्यासाठी पोरीला पुढे केलं.

आबा दिवसभर टीव्हीसमोर. म्हणाले, "माझं ऐकून इंद्रायणीत सोडलं असतं तर..." आणि थांबले. मग स्वतःच उठून चहा केला. त्यांच्या हातचा चहा आई गेल्यानंतर पहिल्यांदा प्याले. साखर फार.

११ सप्टेंबर, गुरुवार

काही नाही.

लोकेंद्र म्हणतो काही लोक आता राजालाच आणा म्हणतायत. हे असते तर उठून उभे राहिले असते. मला राजा येवो न येवो. कुणीही येऊन बसू दे त्या खुर्चीवर.

सु., तुला सगळं कळू दे. दाजू तुला सगळं सांगू देत. माझ्याशी बोलू नकोस जन्मभर. फक्त

१२ सप्टेंबर, शुक्रवार

आला. आला फोन. सकाळी साडेअकराला, अनोळखी नंबर. सु.

बुटवलला बस अडली. एका लॉजवाल्या बाईने सहा जणांना आत घेतलं, शटर ओढून. त्या बाईचाच फोन. अस्थी छपराखाली नकोत म्हणाली बाई, पण रस्त्यावरही टाकू दिल्या नाहीत. मागच्या अंगणात पेरूला टांगून ठेवल्या. सु. म्हणाली, "चार दिवस खिडकीतून बाबांवर लक्ष ठेवत होते. धूर यायचा तेव्हा दिसायचे नाहीत."

हसली ती. मग रडली. मला रडता आलं नाही, घशातून नुसता आवाज येत राहिला.

आबांना सांगायला गेले तर ते अंगणात उभे, टोपी काढून. ऐकलं होतं त्यांनी.

१४ सप्टेंबर, रविवार

सु. गुल्मीत पोचली. संध्याकाळी दाजूंचा फोन. आवाज ह्यांचाच, थोडा घोगरा. पोरगी सुखरूप आहे, जेवली, असं सांगितलं. 

मग विचारलं. "मार्चमध्ये मी निरोप ठेवला होता. सहा महिने वाट पाहिली. त्याने काय उत्तर दिलं?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

म्हणाले, तांब्या दारातल्या नासपतीला टांगला आहे. त्याने निरोप ऐकून नाही म्हटलं असेल, तर त्याची शपथ मी मोडणार नाही. जसा आणला तसा सीमेपलीकडे परत पाठवीन, तुमच्या नदीत सोडा. येतो म्हणाला असेल, तर घरात घेईन, डोकं भादरीन. थोरल्याने धाकट्यासाठी भादरायचं नसतं, तरी. मग गंडकी.

मी म्हटलं, मी तिकडे येऊन सांगते.

ते म्हणाले, दसैंच्या टिक्यापर्यंत, म्हणजे दसऱ्यापर्यंत थांबतो.

रात्री जेवण झाल्यावर सु.चा मेसेज. "आई, कुठला निरोप?"

१८ सप्टेंबर, गुरुवार

चार दिवस सु.ला उत्तर दिलेलं नाही. तिला दिसतंय मी वाचलं ते.

एक वाक्य पुरेल. "सांगितलं होतं, ऐकून हसले, येतो म्हणाले." दाजू डोकं भादरतील. फोटो लागेल. तांब्या घरात जाईल. कुणाचं काय बिघडणार आहे? ह्यांचंही भलं होईल.

आबांना सगळं सांगितलं. बीपीचंही. आबा म्हणाले, "बीपीचं म्हणतीस व्हय? मे म्हैन्यात लोहगड चढून आला जावई. मी सोता पायलं."

व्हय. चढून आले होते. माझ्याआधी वर पोचले.

बीपी नव्हतं. मला भीती वाटली. शपथ सुटली की हे जातील, आणि गेले की परत येणार नाहीत. दसरा आला की हे खिडकीशी उभे राहायचे तेव्हा चेहरा मी बघितलेला आहे. त्या चेहऱ्यात मी कधीच नव्हते. सतरा वर्षं मी ह्यांना राजाच्या उधारीवर ठेवून घेतलं होतं. राजा गेला म्हणून हे माझ्याकडे राहिले. मग दाजू म्हणाले, राजा आला असं समज.

कसं सांगणार होते मी?

लिहिलं एकदाचं.

आबांना विचारलं, काय करू. दाजूंना बरं वाटेल तेच सांगितलं तर?

आबा काठीच्या टोकाने जमीन उकरत होते. म्हणाले, "त्या राजानं फोन तोडले, त्याला कुणी जाब इचारला? न्हाई. का, तर राजा. तू राजा हायस व्हय?"

मी म्हटलं नाही.

"मग सांग जाऊन. इचारू दे त्यांना."

मग म्हणाले, लय चांगला व्हता माझा जावई. आणि घरात गेले.

२१ सप्टेंबर, रविवार

रजा मंजूर. मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, आत्ता कशाला जाताय तिकडे, जरा निवळू द्या. लोकेंद्र म्हणाला निवळलंय, बसेस चालू आहेत. त्याने घरच्यांसाठी चिक्कीचे चार डबे दिले न्यायला. विचारलं, ताई, दादा राजाला इतकं का मानायचे हो? आमच्या वयाला ते कळत नाही. मी म्हटलं मलाही नाही कळलं.

खरं तर आता थोडं कळतं. दूरच्या माणसावर सगळं सोपवलं की जवळच्यांशी बोलावं लागत नाही.

२३ सप्टेंबर, मंगळवार

सु.ने फोटो पाठवला. कणगीमागून काढलेला. राजा आणि राणी, तरुण, काच एका कोपऱ्यात तडकलेली. शेजारी मातीची भिंत आणि रिकामा खिळा. खाली लिहिलंय, "काका म्हणतात खिळा काढलाच नव्हता." बाकी काही नाही. आई म्हणूनसुद्धा नाही.

२४ सप्टेंबर, बुधवार

उद्या गाडी. पिशवी भरली. दोन साड्या, स्वेटर, चिक्की, औषधं, ह्यांचा कागद. नोट वहीत.

दुपारी ऊन पडलं, किती दिवसांनी. नोट खिडकीशी धरून पाहिली. फुलाच्या आत आहे अजून. हा कुठला राजा ते मी ह्यांना कधी विचारलं नव्हतं. आज कळलं. हा चेहरा मेलेल्या राजाच्या भावाचा, टीव्हीवर पाहिलेला. फोन तोडणारा. हे दर वर्षी त्यालाच बघत होते. काय बघत होते कुणास ठाऊक.

सु.ला लिहिलं. "निरोप माझ्याजवळ होता. बाबांना मी सांगितला नाही. का ते तिथे येऊन सांगते, काकांच्या समोर." तीनदा खोडून चौथ्यांदा पाठवलं.

तिने वाचलं. चार वाजले होते. आता सात वाजत आलेत. उत्तर नाही. दाजूंनाही सांगितलं असेल तिने. किंवा नसेल.

आबा विचारत होते परतीचं तिकीट कधीचं. काढलेलं नाही.

जांभळीला सुतळी अजून लोंबतेय. सोडायला गेले होते. नाही सोडली. तांब्या परत पाठवला तर लागेल.